नाव घ्या, पोर न्या

लढाई संपली आणि हंबीरराव हवालदार ब्रह्मदेशातून धडधाकट गावी परत आला, ही आनंदाची गोष्ट होती, नाही कोण म्हणतो? पण त्याला करायला काही काम नव्हतं, आणि रिकामा हवालदार गावाला फार महागात पडतो.

वडूजच्या अलीकडच्या त्या गावात शाळा सुटली की पोरं मारुतीच्या देवळात जमायची. आया शेतात खुरपायला, त्या दिवस मावळल्याशिवाय परतायच्या नाहीत. तोवर पोरं कुठं विहिरीच्या काठावर, कुठं बाभळीच्या शेंड्यावर. म्हणून आप्पासो पाटलांनी हा संध्याकाळचा वर्ग काढला होता. म्हातारे जोतिबा मास्तर पाढे म्हणून घ्यायचे, गुंडा पैलवान खेळ घ्यायचा आणि दारात बसायची चंद्राबाई. आई लांब बांधावर दिसली की ती पोराला हाक मारायची, नाक पुसायची आणि हवाली करायची. गावात बबन पाच होते, पण चंद्राबाईच्या हातून एकही बबन कधी चुकला नाही. नवरा गेल्यापासून संध्याकाळचं घर तिला खायला उठायचं. त्या दारात मात्र पोरं एकेक करून "काकी, उद्या येतो" म्हणायची, आणि तेवढ्यावर ती दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरायची.

पाटलांनी हवालदाराला वर्गाचा मुख्य केलं आणि कल्याणच झालं. त्यानं एका दिवसात सगळ्यांची कामं बदलून टाकली. शिस्त पाहिजे म्हणून पाढे गुंडाकडे दिले. आता गुंडाचा सातचा पाढा सात चोकच्या पुढं कधी गेलाच नव्हता. मास्तर बसून बसून आखडले म्हणून कवायत मास्तरांकडे. त्यांना दमा, पहिल्याच डाव्या-उजव्याला पोरांनीच त्यांना धरून खाली बसवलं. चंद्राबाईला अक्षर येत नाही, मग ती वही कशी ठेवणार? तिला पाण्याच्या रांजणापाशी धाडलं आणि वही-पेन्सिल घेऊन दारात बसला हवालदार. जी न्यायला येईल तिनं पोराचं पूर्ण नाव सांगायचं, बापाच्या नावासकट, तरच पोर सुटणार. शनिवारी पाटील येऊन बघणार होते. सगळं पसंत पडलं की कामं अशीच कायम, आणि चंद्राबाईला रजा. पाणी काय, पोरं आपलं आपण घेतील.

चंद्राबाईनं बोटांवर दिवस मोजले. शनिवार चार दिवसांवर होता.

पण बापाचं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव, आणि ते चारचौघांत सरळ कोणती बाई घेते हो? पहिली आली बनुबाई. म्हणाली, बबनला सोडा. कुणाचा बबन? तर ह्यांचा. ह्यांचा म्हणजे कुणाचा? तिनं पदर तोंडात धरला आणि शेताकडं बोट केलं. हवालदारानं सांगितलं, बोट वहीत लिहिता येत नाही. शेवटी बिचारीनं उखाण्यात नाव घेतलं, तेव्हा कुठं बबन सुटला.

मग काय विचारता! मागच्या रंगूबाईला दोन ओळींचा उखाणा घेणं कमीपणाचं वाटलं. तिनं महादेवाच्या पिंडीपासून सुरुवात केली ती नवऱ्यापर्यंत पोचेस्तोवर अंधारून आलं. रांग चिंचेखाली गेली. दुसऱ्या दिवशी बायका खुरपता खुरपता उखाणे जुळवायला लागल्या आणि तणाबरोबर भुईमूग उपटून बसल्या. भुकेली गडीमाणसं भाकरी शोधत देवळाकडं यायची आणि ऐकत बसायची. ज्यांना पोरंच नव्हती अशाही दोघी रांगेत उभ्या राहिल्या, आता बोला.

शनिवारी पाटील आले. सगळ्यांत शेवटी आली सुलाबाई, हवालदाराचीच बायको, सहा वर्षांच्या ताराला न्यायला. पाटलांसमोर नियम म्हणजे नियम, म्हणून हवालदारानं तिलाही नाव विचारलं. चार दिवस चूल उशिरा पेटलेली ती बाई, तिनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"ब्रह्मदेशाची लढाई जिंकली, छातीवर बिल्ला आला,
हंबीरराव दारात बसलं, न् गावाचा सैपाक ऱ्हायला."

पाटीलसुद्धा हसले. हवालदार कानापर्यंत लाल झाला. त्यानं घाईघाईनं वही उघडली आणि ताराला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. वहीत बघतो तर तिच्या नावापुढं खूण, म्हणजे पोर दिलेली! उखाणे ऐकता ऐकता कुणाची खूण कुणापुढं केली, देव जाणे. हवालदार वहीची पानं पुढं-मागं चाळायला लागला. गुंडानं तर मागचापुढचा विचार न करता धावत जाऊन विहिरीत उडी टाकली. विहिरीला पाणी गुडघाभर. गडी चिखलात रुतून बसला.

तेवढ्यात रांजणामागून चंद्राबाई म्हणाली, "हवालदार, पोर हितं हाय. दिस कलला की तिला झोप येती. रोज माझ्याच मांडीवर निजती. तुमी बाप न्हवं तिचं? तुमास्नी ठावं न्हाई?"

तारा तिच्या पदराखाली गाढ झोपली होती. हवालदार लढाईवर गेला तेव्हा पोर दोन वर्षांची होती. तिला कधी झोप येते हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते पाटलांपेक्षा त्याच्या स्वतःच्याच जिवाला लागलं. त्यानं वही खाली ठेवली आणि वाकून हात पुढं केले.

चंद्राबाईनं पोरीला घट्ट धरलं. "अशी न्हाई मिळायची. नियम हाय. आईचं नाव घ्या."

सगळं गाव ऐकायला पुढं सरकलं. गोळीबाराला न भ्यालेला तो गडी घामानं निथळला. त्यानं एकदा सुलाबाईकडं बघितलं, एकदा त्या झोपलेल्या पोरीकडं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"वही मिटली, पेन्सिल ठेवली, चुकलो मी आज,
सुलाबाईची पोर द्या काकी, दारावर तुमचंच राज."

उखाणा रंगूबाईला काही फारसा पसंत पडला नाही. चंद्राबाईनं मात्र ताराला अलगद बापाच्या खांद्यावर दिलं, तिचं नाक पुसलं, आणि उठून देवळाच्या दारात आपल्या जागेवर जाऊन बसली. डोळे पुसून झाल्यावर तिनं पहिलं काम सांगितलं ते हे, की कुणीतरी जाऊन त्या गुंडाला वर काढा.