सात दिवसांचे मलम

औषधाची नळी मोठ्या बाईंना मुळीच खपत नसे. मधूनच दाबलेली, टोपण हरवलेली, तोंडाशी सुकलेली नळी म्हणजे त्यांच्या मते घरच्या गबाळेपणाची जाहिरात. म्हणून घरात मलम आले की त्या कात्रीने नळी उभी कापत, आतले सगळे निपटून काचेच्या डबीत भरत आणि रिकामी नळी माहितीच्या कागदासकट केरात टाकत. कपाटात अशा आणि घरी केलेल्या मलमांच्या मिळून अकरा डब्या होत्या. एकीवरही चिठ्ठी नव्हती. "मला वासावरून कळतं," असे त्या म्हणत. आणि चाळीस वर्षे शालेय गणवेशांचा कारखाना चालवलेल्या बाईला उलट प्रश्न विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

सुनेने तर कधीच विचारला नाही. ती कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर उभी राहत असे. दिवसभर वाफ, घाम आणि अंगाला चिकटलेले कपडे. चार महिन्यांपूर्वी तिच्या कमरेवर कोटाच्या बटणाएवढा लाल, गोल चट्टा उठला. खाज अशी की हातातली इस्त्री न सोडता ती टेबलाच्या कडेला कंबर घासायची. मोठ्या बाईंनी ते पाहिले आणि डबी काढून दिली.

"घरचं मलम आहे. सकाळ-संध्याकाळ लाव. एवढ्या-तेवढ्यासाठी डॉक्टरकडे धावायला नको."

दोन दिवसांत खाज थांबली. "आई, जादूच आहे हो!" सून म्हणाली. मोठ्या बाईंनी ती स्तुती हक्काची असल्यासारखी घेतली.

पुढे मात्र लावणे थांबले की खाज दुपटीने येई आणि लावले की दबून बसे. डबी संपली. मोठ्या बाईंनी सुनेला न कळू देता औषधांच्या दुकानातून दुसरी नळी मागवली, कापली, भरली. चट्टे पाठीवर गेले, मानेवर चढले आणि एका सकाळी जबड्याच्या कडेला दिसले.

कारखान्यात कुजबुज सुरू झाली. बटणांची काजे करणारी बाई जिभेने सुईपेक्षा तिखट. ती उघडच म्हणाली, "बाई, हे कपडे लेकरांच्या अंगावर जायचेत. हिच्या हाताखालून नकोत. अंघोळबिंघोळ करते की नाही कोण जाणे!"

त्यावर मोठ्या बाई सगळ्यांदेखत सुनेला म्हणाल्या, "खरं आहे तिचं. अंगाची स्वच्छता ज्याची त्यानं राखावी. उद्यापासून मागच्या खोलीत खोकी बांधायला बस."

त्या दिवसापासून सून दोनदा अंघोळ करू लागली.

अखेर मोठ्या बाईंच्या मुलाने हट्ट धरला तेव्हा दोघी दवाखान्यात गेल्या. त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नजर पारखी. त्यांनी दिवा जवळ ओढून मान पाहिली, कंबर पाहिली.

"काय काय लावलंत आजवर?"

"काही नाही. नुसतं घरचं मलम," सून म्हणाली.

"गजकर्णच वाटतंय, पण कडा पुसट झाल्यात. आणि ही कमरेची त्वचा बघा, पातळ होऊन रेषा पडल्यात. घरच्या मलमानं असं होत नाही. दुकानातून काही आणून लावता का? नीट आठवून सांगा."

"शप्पथ, नाही हो."

"हे बघा, तुम्ही लपवलंत तर माझा अंदाज चुकेल आणि भोगाल तुम्ही."

सुनेचे डोळे भरून आले. मोठ्या बाई शेजारच्या खुर्चीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या.

त्यांना सगळे ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायावरचा इसब चिघळला होता, तेव्हाच्या डॉक्टरांचे शब्द त्यांना आजही तोंडपाठ होते: "यात तीन औषधं एकत्र आहेत. एक सूज उतरवणारं स्टेरॉइड, एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं. फक्त एवढ्याच जागी, पातळ थर, सात दिवस. मग बंद. चेहऱ्याला, काखेत, जांघेत लावू नका आणि दुसऱ्या कोणाला देऊ नका." आठव्या दिवशी पाय बरा झाला, आणि उरलेले मलम त्यांनी डबीत भरून ठेवले. सुनेला 'घरचं' असे सांगितले, कारण 'डॉक्टरचं' म्हटले असते तर तिने विचारले असते की कशाचं आणि किती दिवस. घरात कोणाला उत्तरे देण्याची त्यांना सवय नव्हती.

गप्प राहिल्या असत्या तरी चालून गेले असते. आळ सुनेवर आलाच होता; आणखी एक आला असता.

"तिनं काही लपवलेलं नाही," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "मी लपवलं." आणि त्यांनी पायापासून दुसऱ्या नळीपर्यंत सगळे सांगून टाकले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हेच अधिक लागले. "स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, माणसाला वाटतं बरं झालं, खाली बुरशीला मोकळं रान मिळतं," त्या म्हणाल्या. चट्ट्याची कड खरवडून त्यांनी तपासणीला घेतली. "ते मलम आजपासून बंद. काही दिवस लाली-खाज वाढल्यासारखी वाटेल. घाबरून पुन्हा तेच लावू नका, माझ्याकडे या. आता नुसतं बुरशीवरचं औषध, आणि चट्टे दिसेनासे झाले तरी मी सांगेन तितके आठवडे. टॉवेल वेगळा, कपडे नीट वाळलेले."

"आणि या रेषा?" सुनेने विचारले.

"फिकट होतील. सगळ्या जातील असं मात्र मी सांगणार नाही."

रस्ताभर सून दोन पावले पुढे चालत राहिली. शेवटी मोठ्या बाईंना राहवेना. "बोल की काहीतरी. भांड हवं तर."

"काय बोलू, आई? मी दिवसातून दोनदा अंग घासत होते. कातडी सोलेपर्यंत. मला वाटलं, माझ्यातच घाण आहे."



दुसऱ्या दिवशी भर कामात त्यांनी सगळ्या मशीन थांबवायला लावल्या.

"मागे मी माझ्या सुनेला तुमच्यासमोर अस्वच्छ म्हटलं. ते खोटं होतं. माझ्या पायाचं औषध मी तिला महिनोन्महिने लावायला दिलं आणि तिचा आजार वाढवला. दोष माझा आहे."

काजेवालीने खाली पाहत विचारले, "पण बाई, लागण तर होतेच ना?"

"होते. म्हणूनच डॉक्टर म्हणतील तेव्हा ती टेबलावर परत येईल. पण अंघोळीचा शब्द पुन्हा कोणी काढला तर गाठ माझ्याशी आहे. तो आधी मीच उचलून धरला, हेही ध्यानात ठेवा."

कोणी कोणाकडे पाहिले नाही. मोठ्या बाई मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. सून खोक्याला सुतळी आवळत होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं." तिने गाठ मारली, वर मात्र पाहिले नाही. "मशीन सुरू करायला सांगा. उद्या माल द्यायचाय."

मोठ्या बाई मुकाट्याने वळल्या आणि सांगितलेले काम करायला गेल्या.