काकांनी चाखलेलं औषध

पोरीच्या घशात स्ट्रेपचे जंतू निघाले. मागे पेनिसिलिननं तिचे ओठ सुजून श्वास अडकला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते आणि त्याच्या जवळची औषधंही टाळून क्लिंडामायसिनचं पातळ औषध दिलं. ते इतकं कडू, की पहिला चमचा पोरीनं सरळ आईच्या अंगावर उडवला.

सोफ्यावर पसरलेल्या मोठ्या काकांना कंठ फुटला. "ॲलर्जी-बिलर्जी सगळे लाड! साधं पेनिसिलिन सोडून ही थेरं कशाला?"

"भाऊजी, तेव्हा तिला उचलून मी धावले होते," आई म्हणाली. "तुम्ही घोरत होतात."

"चव ती काय असणार!" असं म्हणून काकांनी चमच्याला चिकटलेलं औषध ऐटीत चाटलं. पुढच्याच क्षणी त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते धडपडत बेसिनकडे पळाले.

पोर दुखरा घसा धरून हसत सुटली. "आई, मी काकांपेक्षा धीट आहे," म्हणाली आणि नाक दाबून चमचाभर औषध गिळून मोकळी झाली.

संध्याकाळी काका फोनवर कुणाला तरी ऐकवत होते, "कुणाच्या हातून घेईना हो! शेवटी मीच पाजलं."