काखेतला एक टक्का

काउकोने हातमोजा दातांनी ओढून काढला, ताइमीचा नंबर लावला, आणि पलीकडे घंटा वाजते न वाजते तोच फोन काळा पडला.

"चाळीस टक्के होते," तो म्हणाला. "आत्ता बघितले मी."

शेजारी त्याचा मित्र वेइक्को तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून बसला होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"तो आकडा म्हणजे नुसता अंदाज. आत किती उरलंय ते फोनला दिसतं थोडंच? बॅटरीचा जोर बघून देतो ठोकून. थंडीने ती आखडली, जोर कमी झाला, की ह्याला वाटतं संपलं सगळं. काखेत धर, येईल शुद्धीवर."

काउकोने शर्टाच्या आत फोन काखेत धरला. चांगलाच गार चटका बसला, पण त्याने हूं की चूं केलं नाही. त्याचा जन्मच हूं की चूं न करण्यात गेला होता. बायको गेल्यापासून दर शनिवारी तो ताइमीकडे सॉनाला, गरम वाफेच्या खोलीत घाम काढायला जायचा. मग दोघं पायरीवर बसून सॉसेज खायची, हा "बरं आहे" म्हणायचा आणि घरी यायचा. आज दुपारच्या बसने ताइमी कायमची तुर्कू शहरात, बहिणीकडे निघाली होती. आणि समोर जाऊन बोलायची छाती नाही म्हणून हा गृहस्थ इथे मासे धरत होता.

फोन सुरू झाला. एक टक्का.

"आता काय ते पटकन बोल," वेइक्को म्हणाला. "हवापाणी सांगत बसू नकोस."

पुन्हा नंबर लावून, फोन टोपीच्या कानपट्टीखाली सारून काउको थांबला. ताइमीचा आवाज येताच तो एका दमात बोलून गेला.

"जाऊ नकोस. माझ्याकडे राहायला ये. तुझ्याशिवाय मला करमायचं नाही. बॅटरी संपतेय."

आणि तो फोन बंद पडायची वाट बघत बसला. फोन बंद पडेना. काखेतल्या उबेने मेला चांगला तरतरीत झाला होता.

"हॅलो?" ताइमी म्हणाली. "गेला वाटतं."

नुसतं गप्प राहिलं तरी सुटका होती. गप्प राहणं तर त्याच्या हातचा मळ. एवढ्या थंडीत काउकोच्या कपाळावर घाम आला. वेइक्को हळूच पाठ फिरवून बसला.

"नाही," काउको म्हणाला. "चालू आहे."

मग पलीकडे बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग आता सावकाश सांग," ताइमी म्हणाली. "पहिल्यापासून."