माणशी चार फुगे

आमचे हे कशालाही चटकन हो म्हणत नाहीत. त्यामुळे आमच्या लेकीने, आर्याने, व्हिव्हियनशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा श्रीरंगराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आधी त्यांच्याकडे जेवून येऊ, मग बघू, एवढंच म्हणाले. सातारची माणसं म्हणे जेवणावरून घर ओळखतात. मीही सातारचीच, पण मला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

व्हिव्हियनची आई क्लारा पापडीला घराच्या पडवीतच छोटं रेस्टॉरंट चालवते. वसईच्या ख्रिस्ती घरांतलं जेवण तिथे मिळतं. त्या रविवारी दुपारी तिने ते गिऱ्हाइकांना बंद ठेवलं आणि त्यांची माणसं व आम्ही असं जेवण ठरवलं. आता रिकाम्या हाताने कसं जायचं? यांनी फोन लावला आणि काहीतरी आमच्याकडे असू द्या म्हणून हटूनच बसले. क्लाराने नको नको म्हणून पाहिलं. शेवटी म्हणाली, बाकी सगळं झालंय, फुगे तेवढे राहिलेत, पण तुमच्या चंदनसारला मिळतील का?

"पैशाला पासरी," हे म्हणाले.

ताजे पाहिजेत, आदल्या रात्रीचे नकोत, माणशी चार धरा, असं तिने बजावलं. फोन ठेवल्यावर यांनी मला समजावलं की त्यांच्यात जेवताना प्रत्येक पाहुण्याला चार फुगे द्यायची पद्धत असते. मी विचारलं, मोठ्या माणसांनाही? तर म्हणाले, लतिका, दुसऱ्यांच्या चालीरीतींना हसू नये. आर्याला तर काहीच कळू द्यायचं नव्हतं, तिला म्हणे चकित करायचं होतं.

रविवारी ती व्हिव्हियनकडे पुढे गेली आणि इकडे फुगेवाला आला. सगळे पांढरे फुगवून घेतले, कारण चर्चमध्ये जाणाऱ्यांना पांढरा शोभतो. ते टेम्पोत भरले. एकही फुटू नये म्हणून यांनी टेम्पो असा हाकायला लावला की सायकलवाले पुढे जात होते.

पापडीला पोहोचलो तर सगळे पानावर बसलेले. त्यांच्या घरच्या बाटली मसाल्यातलं कोंबडीचं इंद्याल, म्हणजे आंबट-तिखट रस्सा, वाढून झालं होतं आणि कोणी घासाला हात लावला नव्हता. टेम्पोचं दार उघडलं. क्लाराने आत डोकावून पाहिलं, दोन फुगे बाजूला सारून पाहिलं, आणि खाण्याचे फुगे कुठे आहेत म्हणून विचारलं.

आर्याने कपाळाला हात लावला. तिने ते फुगे क्लाराच्या हातचे खाल्ले होते. मैद्याचं पीठ आंबवायचं, त्यात अंडी आणि नारळाचं दूध घालायचं, आणि गोल गोल तळायचे. पावाऐवजी रश्शात बुडवून खातात. व्हिव्हियनची मावशी प्रिस्का अशी हसायला लागली की तिच्यामागे सगळी पडवी हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

हे हसले नाहीत. आमच्या लग्नात माझा मामा यांच्या फेट्याला हसला होता, तो मामा अजून आमच्या घरी आलेला नाही. यांनी कोटाची बटणं लावली आणि निघतो म्हणाले. आर्याने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, झालं. हा माणूस आता फुग्यांबरोबर लेकीचं लग्नही टेम्पोत भरून परत नेणार.

क्लारा यांना आडवी आली. ती हसत नव्हती.

"श्रीरंगभाऊ, फुगे तुमच्याकडे ठरलेत. माणसं पानावर बसलीत. असं कसं जाता येईल?"

शब्द दिला होता, हे मागे फिरले. संध्याकाळच्या ऑर्डरचं पीठ तयार होतं. क्लाराने यांना कोट काढायला लावला आणि थेट कढईपुढे उभं केलं. ज्या माणसाने घरी कधी चहा टाकला नाही, तो माणूस पिठात मूठ बुडवून उभा! मूठ दाबली की अंगठ्यापाशी गोळा वर येतो, तो उचलून तेलात सोडायचा. क्लाराचे लाडवासारखे गोल पडत होते. यांच्या एकाला शेपूट, दुसऱ्याला कान. बाहेर प्रिस्काने शेपटीवालेच मागितले. थोड्या वेळाने हे क्लारालाच सांगायला लागले की गॅस जरा मोठा झालाय, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मग जेवणं झाली. यांनी एक फुगा मोडून इंद्यालात बुडवला, खाल्ला, आणि पुढे माणशी चारचा हिशेब काही राहिला नाही. आर्याचा अर्धा फुगा पानात तसाच पडला होता. ती नुसती बापाचं तोंड बघत होती. विचारायची हिंमत तिलाही नव्हती आणि मलाही. क्लाराने मात्र रस्सा वाढता वाढता विचारलं, "मग भाऊ, लग्नात फुगे कोणाकडे?"

यांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"आमच्याकडे. मुलीकडचे आहोत आम्ही," हे म्हणाले. "पीठ कधी भिजवायचं तेवढं सांगा."

आर्या पानावरून उठली आणि उष्ट्या हातानेच यांच्या गळ्यात पडली.