ब्राउझरला सगळं आठवतं

मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघात सुबोध सावंतांनी ‘सोप्या शब्दांत संगणक’ ही व्याख्यानमाला सुरू केली. गरज संघाला होती की सुबोधना, हे कुणी विचारलं नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. इथे हॉलभर माणसं ऐकत होती, शिवाय मध्यंतरात चहा होता.

शिकवायचे मात्र झकास. “वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट ही पालिकेची पाण्याची लाइन, वाय-फाय हा आपल्या घरातला नळ. लाइनलाच पाणी नसेल तर नळ पिरगाळून काय होणार? सर्व्हर म्हणजे हॉटेलातला भटारखाना. आणि ब्राउझर म्हणजे तुमची ऑर्डर तिथे नेऊन पदार्थ आणून देणारा वेटर.”

त्या दिवशी कांजूरमार्गहून मालनताई आली होती. सुबोधची मोठी बहीण. “भाऊ प्रोफेसर झालाय, बघायला नको?” असं शेजारच्या तीन खुर्च्यांना सांगून ती पहिल्या रांगेत बसली. आई गेल्यापासून वेंगुर्ल्याचं घर दोघांच्या नावावर होतं. त्याबद्दल सुबोध तिच्याशी बोलणारच होते. फक्त विषय कसा काढावा, हे त्यांना वर्षभर सुचलं नव्हतं.

“आजचा शब्द हिस्टरी,” सुबोध म्हणाले. त्यांच्या लॅपटॉपचा पडदा समोरच्या भिंतीवर उमटला होता. “हा वेटर जुना आहे. तुम्ही आधी काय मागवलंत ते लक्षात ठेवतो. दोन अक्षरं टाइप केलीत की पुढचं स्वतःच सुचवतो. सुचवलेल्या ओळीपुढे घड्याळाचं चित्र दिसलं, तर समजायचं की हे आपणच पूर्वी शोधलंय.”

“दाखव ना करून,” धोंडूकाका म्हणाले. संघातले सगळ्यात जुने सभासद. “गावचं हवामान बघ. आंब्याचं काय होतंय ते कळू दे.”

सुबोधनी ‘गावचं’ एवढंच टाइप केलं. वेटर तत्पर होता.

‘गावचं घर बहिणीच्या सहीशिवाय नावावर कसं करायचं’

खाली आणखी एक: ‘गावचं घर बहीण हक्क सोडत नसेल तर’.

भिंतीवर अक्षरं हातभर मोठी दिसत होती. मागच्या रांगेतल्यांनासुद्धा चष्मा लागला नाही.

“हे... म्हणजे बाकीचे लोक शोधतात ना, तेही येतं कधीकधी,” सुबोध म्हणाले.

“घड्याळ आहे की पुढे,” धोंडूकाका म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. धडा नीट समजल्याचा आनंद होता फक्त.

सुबोधनी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, पण बोटं कळफलकावर पडली आणि ‘गावचं’च्या पुढे चार नको ती अक्षरं उमटली. कान इतके तापले होते की पंखा बंद पडल्यासारखं वाटलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळे अत्यंत सभ्यपणे भिंतीखालच्या फरशीकडे बघत होते.

“ताई, ते मी नुसतं माहितीसाठी...”

“माका इचारूक काय झाला होता तुका?” मालनताई म्हणाली. कांजूरमार्गला इतकी वर्षं काढूनही रागावली की ती वेंगुर्ल्याला पोचायची. मग मराठी सावरून ती सावकाश बोलली. “मशीनला विचारलंस. मला नाही. काल फोन करून म्हणाला असतास ना, ‘ताई, सही दे’, तर पेन तुझंच घेऊन दिली असती रे. आपल्याकडे बहिणी देतातच. आता नाही देणार.”

“ताई, घरी बोलूया ना.”

“घरीच बोलणार. गणपतीला वेंगुर्ल्याला येतेय मी. इतकी वर्षं पाहुणी म्हणून आले, बाहेरच्या खोलीत झोपले, निघताना नारळ घेऊन गेले. या वेळी आईची खोली उघडून ठेव. कपाटात तुमचं काय असेल ते काढा.” तिने पर्स मांडीवर घेतली आणि तिथेच बसून राहिली. “हं. शिकव पुढे. लोक थांबलेत.”

सुबोध पुन्हा भिंतीकडे वळले. पुढे काय होतं ते त्यांना आठवेना.

“सर,” मागून एका गृहस्थांनी अदबीने विचारलं, “ही हिस्टरी पुसायची कशी असते?”

प्रत्येक रांगेत वह्या उघडल्या. इतक्या एकाग्र वर्गाला सुबोधनी आजवर कधी शिकवलं नव्हतं. पहिल्या रांगेकडे न बघता त्यांनी प्रत्येक पायरी दोनदा समजावून सांगितली.