मागच्या दाराची किल्ली

खण्णकन आवाज झाला आणि घरातली शांतता विस्कटली.

पाच वर्षांच्या पिटुकलीने आईच्या पर्समधला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पाडला होता. एरवी तिला एक धपाटा तरी मिळाला असता. पण आज घरात कुणी आवाज चढवत नव्हतं. आजी भिंतीवरच्या फोटोसमोर बसून होती.

बारा वर्षांपूर्वी याच तारखेला मोठ्या नाट्यगृहाला आग लागली आणि दोनशे अकरा माणसं गेली. मागे दार होतं, पण फुकटे आत शिरतात म्हणून त्याला कुलूप होतं. सारा देश हळहळला. तेव्हापासून दर वर्षी या दिवशी अकराला भोंगा वाजतो आणि देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. त्या दोनशे अकरांत या घरातली थोरली होती. पिटुकलीची आई तिची पाठची बहीण. तिशी उलटली तरी घरात सगळ्यांची ‘धाकटी’च.

“आई, तू पण मावशीसाठी काळी फीत लावणार?”

“हो गं राणी. आमच्याच कारखान्यात शिवतात त्या. चल, खेळ आता, मला उशीर झालाय!” पर्स खांद्याला अडकवून धाकटी निघाली. रस्ताभर तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. चौदा शिलाई मशिनं, पुढच्या दाराशी इस्त्रीचं टेबल. उरलेल्या फितींची खोकी मागच्या दाराला टेकवून पार वरपर्यंत रचलेली. त्या दाराला कुलूप. गेल्या वर्षी सॅटिनचे दोन तागे तिकडून पसार झाले, तेव्हा मालकांनी धाकटीला सुपरवायझर केलं आणि “तू विश्वासाची” म्हणत किल्ली तिच्या हातावर ठेवली. केवढा अभिमान वाटला होता तिला! दुपारी लेकीला शाळेतून आणायला ती तासभर जाई, तेव्हाही किल्ली तिच्याबरोबर जाई आणि बायका आत शिवत बसत. यात काही वावगं आहे, असं कधी मनात आलंच नव्हतं. की आलं होतं आणि तिनेच झटकलं होतं?

आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. फितींचे गठ्ठे बांधताना गाठी सुटत होत्या.

“सुपरवायझरबाई, जरा टेका,” कापड बेतणाऱ्या काकू म्हणाल्या. “भिंगरीसारख्या फिरताय सकाळपासून.”

“अकरा वाजत आलेत, काकू. सगळ्यांनी फिती लावा! आणि दोन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. गेल्या वर्षी खुसफूस झाली होती, यंदा चालणार नाही.”

भोंगा झाला. मशिनं थांबली. सगळ्या माना खाली घालून उभ्या राहिल्या.

धाकटीने डोळे मिटले. थोरली आठवली, तिची घाईघाईने घातलेली वेणी आठवली. मग नाकाला करपट वास आला. तिला वाटलं, आठवणीतलाच असेल. वास वाढला. पलीकडे कुणीतरी खोकलं, पण तोंडावर पदर दाबून. सगळ्यांना वास येत होता आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. श्रद्धांजली चालली होती ना!

“अगं, इस्त्री!” काकू ओरडल्या.

इस्त्रीवाली भोंगा ऐकून जिथल्या तिथे उभी राहिली होती, तापलेली इस्त्री सॅटिनवर तशीच आडवी ठेवून. टेबलावरच्या गठ्ठ्याने भडका घेतला. पुढच्या दारात धूर कोंडला आणि बायका मागे पळाल्या.

“किल्ली! बाई, किल्ली!”

धाकटीने पर्स उलटी केली. कंगवा, रुमाल, लेकीची खेळण्यातली बाहुली. जुडगा नव्हता. तो घरच्या फरशीवर होता!

तेवढ्यात काकूंनी मेन स्विच पाडला, प्यायच्या पाण्याची बादली बेतायच्या कापडावर ओतली आणि ते ओलं कापड आगीवर टाकलं. धूर हळूहळू खिडकीतून निघून गेला. टेबल काळं पडलं, दोघींचे केस होरपळले. इतकंच.

“थोडक्यात निभावलं,” धावत आलेले मालक म्हणाले. “चला, कामाला लागा.”

“निभावलं?” काकू त्यांच्याकडे वळल्या. “छातीवर फीत आणि दाराला कुलूप! साहेब, गेलेल्यांसाठी आपण दोन मिनिटं उभे राहतो, आणि ज्यामुळे ते गेले ते वर्षभर जपून ठेवतो. ही कसली आठवण?”

“मग माल गेला तर तुम्ही भराल का?”

काकू काही बोलण्याआधी धाकटी पुढे झाली.

“माझी बहीण गेली तिथे. आणि तेच कुलूप मी इथे लावलं, साहेब, मी! रोज किल्ली घेऊन घरी जात होते. हवी तर सुपरवायझरी काढून घ्या. पण हे दार उघडं झाल्याशिवाय मी एकीलाही मशिनवर बसू देणार नाही.”

सगळ्या बायका तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मालकांनी होरपळलेल्या टेबलाकडे पाहिलं. मग स्वतःच एक खोकं उचलून बाजूला ठेवलं. दुपारपर्यंत कुलूप तोडून झालं आणि दाराला आतून उघडणारी कडी बसली.

वाचकहो, फिती आपण सगळेच लावतो. पण आपल्या घराची, दुकानाची, शाळेची मागची दारं कधी जाऊन पाहतो का? गेलेल्यांना आपलं मौन पुरत नाही. ज्या चुकीने त्यांचा जीव घेतला, ती आपल्या हातून पुन्हा न घडणं, हीच त्यांची खरी आठवण.

संध्याकाळी पिटुकली जुडगा नाचवत दारात आली. “आई, तू विसरलीस!”

धाकटीने तिला उचलून घट्ट धरलं. मग जुडग्यातून एक किल्ली काढून ठेवली. “ही आता नको. त्या दाराला कुलूपच नाही राहिलं. आता कुणालाही पटकन बाहेर येता येईल.”

पिटुकलीने फोटोकडे पाहिलं. बराच विचार केला.

“मग आई, मावशीच्या दाराची किल्ली कोणाच्या पर्समध्ये होती?”