शुक्रवारची घोळ

माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे हे म्हणायचे, "कारखान्याचा भोंगा बंद पडला तरी चालेल, केशर आहे." म्हणू देत. पण त्या शुक्रवारी मी जो तमाशा केला, त्याची आठवण झाली की अजून कान गरम होतात.

अठ्ठ्याहत्तर साल. आम्ही घणसोली गावात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. हे रबाळ्याला कारखान्यात. मूळ गाव अंबडकडं. त्या दिवाळीत माझे सासरे, सीताराम नाव त्यांचं, ते गेले आणि मागं सासूबाई एकट्या राहिल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मीच हट्टानं त्यांना इकडं आणलं.

आता सासूचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. मला आई नव्हती. तेराव्या वर्षी लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा मला भाकरी थापतासुद्धा येत नव्हती. आत्याबाईंनी माझा हात हातात धरून शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी खडी फोडायला जायचो. संध्याकाळी त्या विहिरीच्या पाटाकडेनं घोळीची पालेभाजी खुडून आणायच्या, माझ्या ताटात वाढायच्या आणि म्हणायच्या, "माझं झालंय खाऊन." कुठं झालं होतं? काही झालेलं नसायचं. मला तेव्हाही कळत होतं आणि मी तरी खात होते. तर अशी बाई. तिला मी इथं आणली आणि तिच्या घशाखाली घासच उतरेना.

तांदळाची भाकरी पुढं ठेवली की बघत बसायच्या. वांगी केली, लाल माठ केला, वालाच्या शेंगा केल्या. सगळी शेतावरची ताजी भाजी, सकाळी तोडलेली. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मी त्यांना इकडची काडी तिकडं करू देत नव्हते. "बसा तुम्ही. आयुष्यभर कष्टलात." स्टोव्हजवळ आल्या की मी ओरडायची, "हात लावू नका, भडका होईल!" त्या मुकाट्यानं भिंतीला टेकून बसायच्या. तीन महिन्यांत चोळीच्या बाह्या दंडावर सैल पडल्या.

आणि एका मंगळवारी जेवताना त्या लेकाला म्हणाल्या, "दत्तू, शनिवारी मला गाडीत बसवून दे. मी जाते गावाला."

"तिथं कोण आहे आई?"

"कोण का असंना."

कोणी नव्हतं. घराचं अर्धं छप्पर खाली आलेलं. आईपुढं ह्यांचं तोंड कधी उघडलं नाही, आणि माझं उघडलं ते नको तसंच. "जा! खुशाल जा! आम्ही काय छळतो का तुम्हाला?" असं म्हणाले आणि मोरीत जाऊन भांड्यांवर राग काढला. खरं तर मला रडू येत होतं. एकटी गेली तर म्हातारी पावसाळा बघणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रात्री त्या अंधारात आपल्याशीच बोलल्या, "घोळ खाऊन किती दिस झाले." मला तेवढाच धागा सापडला.

बुधवारी सकाळी मी रस्त्यावर गेले. गावाबाहेर, कामगार जायच्या वाटेवर, घणसोली-तळवलीच्या बाया टोपल्या घेऊन बसायच्या. माझी नेहमीची सखूमावशी. आगरी बाई, आवाज खणखणीत, नाकात नथ. तिच्या टोपलीत एका बाजूला शेतातली वांगी-मुळा, दुसऱ्या बाजूला कधी चिंबोऱ्या, कधी निवट्या, खाडीत जे गावेल ते.

"मावशी, घोळ मिळेल का?"

तिनं मला खालून वर पाहिलं. "घोळ? तुला? ती रोज नाय गावत गो बाय."

"सासूला पाहिजे. तिचा घास उतरत नाही. तिला तेवढीच खावीशी वाटतेय. कुठूनही आण पण आण."

"दिवाळे गावात माझा भाव हाय, गोटीराम. त्याला सांगते. शुक्रवारी आनते."

भाजीसाठी भावाला कशाला सांगायचं, असं वाटलं मला. पण असेल त्याचं शेत. "कोवळी बघ हं, जून नको."

"लहान नाय गावत. गावली तर मोठीच गावते."

"पुरेल ना तीन माणसांना?"

"एक गावली तरी तुला दोन दिस पुरंल."

मला वाटलं, एवढी मोठी जुडी! जमीन चांगली आहे हो इकडची.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या आपली लुगडी पिशवीत भरत राहिल्या. पण शुक्रवारी सकाळी बघते तर काय, भिंतीला टेकलेली बाई उंबऱ्यात येऊन बसलेली, मांडीवर सूप. निवडायला. तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून काहीतरी हातात घेतलं होतं. मला इतका आनंद झाला की मी दोनदा उगाच बाहेर जाऊन आले. कोपऱ्यात त्यांची पिशवी भरून तयार होती, ती मला दिसत होती. पण मी म्हटलं, आधी घोळ येऊ दे.

सखूमावशी आली. टोपली डोक्यावर, घाम निथळतोय, आणि टोपलीच्या कडेवरून हे एवढं शेपूट बाहेर! तिनं टोपली उंबऱ्याशी ठेवली, वरचं ओलं फडकं काढलं. हातभर लांब मासा. डोळे माझ्याकडं.

"ही घे तुझी घोळ. पहाटं दिवाळ्याला जाऊन आनली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय आणलंस? मी घोळ मागितली होती, घोळ! पाला! पानं! तू तर माझ्या तोंडाला पानंच पुसलीस! उद्या माझी सासू चालली, आणि तू हा मासा घेऊन..." आणखी काय काय बोलले ते आता सांगत नाही. शेजारच्या बाया दारात आल्या.

सखूमावशीचा चेहरा उतरला. "तूच बोललीस ना घोळ? आमच्याकडं घोळ म्हंजे हीच. मंत्र्यासंत्र्यांच्या ताटात जाते ती. कुनाला पन नाय देत गोटीराम." तिचा आवाज बसला होता. बिचारी अंधारात उठून गेली होती, माझ्या सासूसाठी. आणि मी तिला चार घरांसमोर झोडपत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"केशर, ह्याला पानंच न्हाईत की गं. निवडू कसं?"

आत्याबाई सूप पुढं धरून माशाकडं बघत होत्या. आणि हसल्या. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग खांदे हलायला लागले. सखूमावशीनं त्यांच्याकडं पाहिलं, माशाकडं पाहिलं आणि तीही फुटली. मी तेवढी मध्ये उभी, हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

हसणं ओसरल्यावर सखूमावशी आत्याबाईंपुढं उकिडवी बसली. "आता तूच सांग आये, तुमची घोळ कशी गो असते?"

"लाल देठ. पानं बारकी, जाड, बटनावानी. भुईला धरून पसरते. पिवळं फूल."

सखूमावशीनं कपाळावर हात मारला. "आई गो! ती तर माझ्या वांग्यांच्या वाफ्यात हाय! रोज उपटून बांधावर टाकते मी!"

तिचं शेत गावापासून थोडं लांब, खाडीच्या बाजूला. मी म्हटलं, "मी जाऊन आणते." आत्याबाई उठल्या होत्या. "उन्हाचं कशाला, तुम्ही बसा," असं माझ्या तोंडावर आलंच होतं.

"बसून बसून बूड झिजलं माझं," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले, पाहुणीसारखी बसवून ठेवली मला. पाहुणी किती दिवस राहती गं कुणाकडं?"

त्या रागानं नाही बोलल्या. पण मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी समजत होते की मी त्यांना फुलासारखं जपतेय.

शेतात त्या वाफ्यात बसल्या त्या बसल्याच. कोवळे शेंडे खुडून ओटीत टाकत होत्या, सखूमावशीला जून कुठलं, कोवळं कुठलं ते दाखवत होत्या. तिनं एक पान चावलं आणि म्हणाली, "आंबट लागते गो! आनि आमी बकऱ्यांना घालतो."

घरी आल्यावर मी सवयीनं स्टोव्हपुढं बसले. त्या म्हणाल्या, "सरक." मी सरकले. "ह्याला हवा कशी भरायची ते दाखव." मी दाखवलं. भडका झाला थोडा, भुवईचे चार केस गेले, पण बाई मागं हटली नाही. तेलात लसूण तडतडला, हिरवी मिरची पडली, भिजवलेली मुगाची डाळ, मग ती घोळ. घोळीबरोबर खायला म्हणून थोडं ज्वारीचं पीठ मी कालच गिरणीतून आणून ठेवलं होतं, त्याच्या भाकरी त्यांनीच थापल्या. मी नुसती बघत होते, तेराव्या वर्षी बघायची तशी.

तिसऱ्या प्रहरी पाळी सुटून हे आले. सखूमावशीनं आपल्या चुलीवर माशाचं कालवण करून पातेलं आणलं होतं. मी म्हटलं, "मावशी, बस ना जेवायला." म्हणाले खरं, पण ती आमच्यात बसेल की नाही, खात्री नव्हती. गावाकडं आमच्या घरी पाणी पिणारी माणसं मोजकीच होती, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर तिला दिसत होतीच. ती खाली बसली, ताट पुढं ओढलं आणि म्हणाली, "सकाळी एवढ्या शिव्या खाल्ल्या, आता भाकरी तरी दे."

मी तिच्या हाताला हात लावून म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

"चुकलं तर वाढ आता."

आत्याबाईंनी पहिला घास घेतला. आम्ही तिघंही जेवायचं सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी चावला, थांबल्या, कपाळाला आठी घातली.

"खारट झाली," त्या म्हणाल्या.

"खाडीची जमीन हाय आये," सखूमावशी म्हणाली. "पाल्यातच मीठ उतरते."

"व्हय का?" आत्याबाईंनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, त्यावर भाजी घेतली आणि खाल्ली. मग तिसरा. "मग उद्या मी मीठ हात राखून टाकते."

उद्या शनिवार होता.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला ह्यांचं तोंड उघडलं, तेव्हा मी ह्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं. मीही काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. जेवणं झाल्यावर गुपचूप उठले, कोपऱ्यातल्या पिशवीतून त्यांची दोन लुगडी काढली आणि परत दोरीवर टाकली. आत्याबाईंनी बघितलं, आणि ताट घेऊन भांडी घासायला मोरीत गेल्या. मी त्यांना घासू दिली.